६१७४ : कापरेकर स्थिरांकाचा आढावा

संख्या आणि प्रक्रिया

६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक या नावाने ओळखली जाते. तिला हे नाव मिळाले ते वजाबाकीच्या एका साध्या प्रक्रियेमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत एवढीच अट. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून मोठ्यात मोठी आणि चढत्या क्रमाने लिहून लहानात लहान संख्या तयार करावी. मोठीतून लहान वजा करावी आणि जे उत्तर येईल त्यावर हीच कृती पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत उत्तर ६१७४ येते. त्यानंतर ते बदलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

उदाहरणासाठी १९०५ ही संख्या घेतली तर पहिली वजाबाकी ९५१० − ०१५९ = ९३५१ अशी होते. पुढे ९५३१ − १३५९ = ८१७२, मग ८७२१ − १२७८ = ७४४३, ७४४३ − ३४४७ = ३९९६, ९९६३ − ३६९९ = ६२६४, ६६४२ − २४६६ = ४१७६ आणि शेवटी ७६४१ − १४६७ = ६१७४. सात पायऱ्यांची मर्यादा येथे पुरेपूर वापरली गेली. १९४७ पासून सुरुवात केली तर पाचच पायऱ्या लागतात : ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४.

एक संकेत मात्र कटाक्षाने पाळावा लागतो. मधल्या उत्तरात तीनच अंक आले तर पुढे शून्य लिहून चार अंक पूर्ण करायचे. २१११ घेतल्यास २१११ − १११२ = ९९९ येते. हे ०९९९ असे मानले तर पुढची वजाबाकी ९९९० − ०९९९ = ८९९१ होते आणि क्रम ८०८२, ८५३२ असा जात ६१७४ वर पोहोचतो. शून्य गाळले तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन हाती शून्य राहते. ६१७४ बद्दलचे कोणतेही विधान या संकेतासह वाचायचे असते. लोकप्रिय लेखनात त्याचा उल्लेख अनेकदा राहून जातो आणि मग एखाद्या चौकस वाचकाला वाटते की आपल्याला अपवाद सापडला.

पार्श्वभूमी

या गुणधर्माचा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४६ मध्ये लावला. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. शालेय शिक्षण ठाण्यात आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. गणितातील स्वतंत्र कामासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना १९२७ मध्ये मिळाले होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत मांडला आणि १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात त्यावर टिपण लिहिले. भारतातील बहुतेक व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे त्या काळी फारसे लक्ष दिले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांची ओळख करून दिली आणि त्यानंतर ही संख्या जगभर पोहोचली. त्यापाठोपाठच्या दहा-बारा वर्षांत या प्रक्रियेवर शोधनिबंधांचे प्रमाण वाढलेले दिसते.

कापरेकरांच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात आणि त्यांची गल्लत वारंवार होते. ‘कापरेकर संख्या’ म्हणजे जिच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळते ती संख्या. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २९७ आणि ७०३ याही अशाच संख्या आहेत. ६१७४ मात्र कापरेकर संख्या नाही : तिचा वर्ग ३,८१,१८,२७६ आणि ३८११ + ८२७६ = १२,०८७. ती केवळ कापरेकर स्थिरांक आहे.

प्रक्रियेमागचे बीजगणित

वरवर पाहता चार अंकी संख्या हजारोंनी आहेत आणि प्रत्येक तपासण्याशिवाय गत्यंतर नाही असे वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच वजाबाकीत हा पसारा आवरला जातो. उतरत्या क्रमाने लावलेले अंक क, ख, ग, घ आहेत असे मानू. मोठ्या संख्येतून लहान वजा केली की ९९९(क − घ) + ९०(ख − ग) ही राशी उरते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर अवलंबून आहे : टोकाच्या अंकांतला फरक क − घ, त्याला प म्हणू, आणि मधल्या अंकांतला फरक ख − ग, त्याला न म्हणू. प ची किंमत १ ते ९ आणि न ची किंमत ० ते प असू शकते. अशा जोड्या होतात ५४. अंक कोणतेही असोत, पहिल्या पायरीनंतर ५४ पलीकडचे उत्तर येऊच शकत नाही. राशीतील दोन्ही पदे ९ ने विभाज्य असल्यामुळे ही सर्व उत्तरेही ९ च्या पटीतली असतात.

पुढची पायरी त्याहून उपयोगाची आहे. न शून्य नसेल तर उत्तराचे चार अंक अनुक्रमे प, न − १, ९ − न आणि १० − प असे येतात. यातील पहिल्या व शेवटच्या अंकाची बेरीज १०, तर मधल्या दोघांची बेरीज ८. पुन्हा क्रम लावताना अंकांची जागा महत्त्वाची नसते. प च्या जागी १० − प आले किंवा न च्या जागी १० − न आले तरी अंकांचा संच तोच राहतो. म्हणून बाहेरच्या जोडीचे पाच आणि आतल्या जोडीचे पाच असे मिळून २५ संच होतात. न शून्य असताना अंक प − १, ९, ९, १० − प असे येतात. त्यांचे आणखी पाच. एकूण ३० संच. ६१७४ चा संपूर्ण दावा या तीस ओळींच्या तक्त्यात कागद-पेन्सिलीने तपासता येतो, त्यासाठी संगणकाची गरज नाही.

सात पायऱ्यांची मर्यादा याच तक्त्यातून मिळते. ०००१ ते ९९९८ या टप्प्यात, पुढची शून्ये धरून, ज्यांचे चारही अंक सारखे नाहीत अशा ९,९९० संख्या आहेत. त्यांपैकी खुद्द ६१७४ सोडून ३८३ संख्या एका पायरीत, ५७६ दोन पायऱ्यांत, २,४०० तीन, १,२७२ चार, १,५१८ पाच, १,६५६ सहा आणि २,१८४ सात पायऱ्यांत तेथे पोहोचतात. सरासरी काढली तर ती साधारण ४.६७ येते. मात्र सर्वांत जास्त संख्या सरासरीच्या आसपास नाहीत. त्या तीन पायऱ्यांच्या आणि सात पायऱ्यांच्या गटांत आहेत. या विषमतेला तक्त्यापलीकडचे काही कारण आहे काय, हे कोणी समाधानकारकपणे सांगितलेले दिसत नाही. बहुधा तसे कारण नसावेच.

स्थिर संख्या एकच का

सर्व संख्या कोठेतरी पोहोचणार हे मर्यादित संचावरच्या कोणत्याही पुनरावृत्त प्रक्रियेत ठरलेलेच असते. संच मर्यादित असेल तर कधी ना कधी एखादे उत्तर पुन्हा येणार आणि तेथून चक्र सुरू होणार. त्यामुळे खरे प्रश्न दोन. स्वतःवरच परत येणारी संख्या आहे का, आणि असल्यास किती? ती सोडून दुसरे एखादे चक्र आहे का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शालेय बीजगणितात मिळते. उत्तराचे अंक प, न − १, ९ − न, १० − प. ते उतरत्या क्रमाने ९ − न, प, १० − प, न − १ असे लागतात असे धरू. संख्या स्थिर राहायची तर टोकाच्या अंकांतला नवा फरक पुन्हा प, आणि मधला नवा फरक पुन्हा न यायला हवा. म्हणजे प = १० − २न आणि न = २प − १०. दुसरे समीकरण पहिल्यात घातले की ५प = ३० मिळते. प = ६, न = २, आणि संख्या ६१७४. अंकांचे इतर क्रम धरून पाहिले तर प ची किंमत अपूर्णांकात येते, १० येते किंवा न हा प पेक्षा मोठा होतो. एकही क्रम टिकत नाही.

या लहानशा आकडेमोडीत ६१७४ चे मर्म आहे. समीकरणाच्या डाव्या बाजूला ५ हा गुणक येतो, तो चार अंकांच्या रचनेतून. उजव्या बाजूला ३० येतात ते १० च्या तिपटीतून. १० ला ५ ने नि:शेष भाग जातो म्हणून उत्तर पूर्णांकात मिळते. दशमान पद्धतीचा पाया ५ ने विभाज्य नसता तर ही स्थिर संख्या अस्तित्वातच आली नसती.

दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे अन्य चक्र का नाही याला, इतके नेटके उत्तर नाही. तेथे तीस ओळींचा तक्ता पाहावा लागतो. त्यात दुसरे चक्र दिसत नाही, इतकेच म्हणता येते.

ओघात दिसणारे इतर गुणधर्म

६१७४ चे मूळ अवयव पाडले तर २ × ३² × ७³ असे रूप मिळते : २ चा पहिला घात, ३ चा दुसरा, ७ चा तिसरा. ७ पेक्षा मोठा मूळ अवयव तिला नाही आणि तिचे एकूण विभाजक २४ आहेत. सर्व मूळ अवयवांच्या वर्गांची बेरीज, म्हणजे ४ + ९ + ९ + ४९ + ४९ + ४९, ही १६९ येते. तो १३ चा वर्ग आहे. शिवाय १८³ + १८² + १८ = ५८३२ + ३२४ + १८ = ६१७४. त्यातला १८ हा ६१७४ च्या अंकांची बेरीजही आहे आणि ६१७४ ला १८ ने भागले की ३४३, म्हणजे ७ चा घन मिळतो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ हे नाव कापरेकरांनीच दिले होते. इव्हान निव्हन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर पाश्चात्त्य वाङ्मयात त्यांना निव्हन संख्या असेही म्हणू लागले.

यांपैकी कोणताही गुणधर्म वजाबाकीच्या प्रक्रियेतून निघत नाही आणि प्रक्रिया समजण्यास त्यांची मदतही होत नाही. चार अंकी कोणतीही संख्या पुरेशी उलटसुलट केली तर असे काही ना काही सापडते.

अंकांची संख्या बदलली तर

दोन अंकी संख्यांत स्थिर संख्या नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे पाच संख्यांचे चक्र आहे. तीन अंकांत ४९५ ही एकच स्थिर संख्या असून जास्तीत जास्त सहा पायऱ्यांत सर्व संख्या तेथे येतात. तीन अंकांतली वजाबाकी ९९ च्या पटीत होते आणि मधला अंक नेहमी ९ असतो, त्यामुळे सिद्धता दोन ओळींत संपते.

पाच अंकांत चित्र बिघडते. स्थिर संख्या एकही नाही, चक्रे तीन : ५३९५५ व ५९९९४ यांचे दोघांचे; ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ यांचे चौघांचे; आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ यांचे दुसरे चौघांचे. कोणती संख्या कोणत्या चक्रात जाईल हे तिच्या अंकांवर ठरते. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन स्थिर संख्या आहेत, शिवाय ४२०८७६ पासून सुरू होणारे सात संख्यांचे चक्र आहे. सात अंकांत स्थिर संख्या नाही. ७५०९८४३ ज्यात येते असे आठ संख्यांचे एकच चक्र सर्वांना गिळते.

या विस्कळीत वाटणाऱ्या यादीतही कुळे ओळखता येतात. ६१७४ मध्ये योग्य जागी ३ आणि ६ ही जोडी घातली की ६३१७६४ मिळते, तीच जोडी पुन्हा घातली की ६३३१७६६४, आणि आणखी एकदा घातली की ६३३३१७६६६४. या सर्व स्थिर आहेत, आणि ही मालिका कोठेही थांबत नाही. ४९५ चे कूळ ५४९९४५, ५५४९९९४४५ असे तीन-तीन अंकांनी वाढते. नऊ अंकांतली ८६४१९७५३२ ही तिसऱ्या कुळाची मूळ संख्या म्हणजे ९८७६५४३२१ उणे १२३४५६७८९. तिच्यातही ३ व ६ ची जोडी घालून ८६४३१९७६५३२ ही अकरा अंकी स्थिर संख्या तयार होते. दहा अंकांत तीन स्थिर संख्या आहेत, त्यांपैकी ९७५३०८६४२१ मध्ये शून्य ते नऊ हे सर्व अंक एकेकदा येतात.

स्थिर संख्या अशा रीतीने अनंत आहेत. परंतु ‘सर्व संख्यांचा शेवट एकाच स्थिर संख्येत होतो’ हा कडक निकष लावला तर यादी फार आखूड होते. जी. डी. प्रिचेट, ए. एल. लुडिंग्टन आणि जे. एफ. लापेन्टा यांनी १९८१ मध्ये ‘फिबोनाची क्वार्टर्ली’त दाखवून दिले की दशमान पद्धतीत हा निकष फक्त ४९५ आणि ६१७४ पूर्ण करतात. अंकांची संख्या कितीही वाढवली तरी तिसरी संख्या सापडणार नाही. या क्षेत्रातला हा सर्वांत भक्कम निष्कर्ष म्हणावा लागेल.

पाया बदलला तर

दहाऐवजी दुसरा पाया घेतला की आधीच्या समीकरणात १० च्या जागी तो पाया येतो : ५प = ३ × पाया. २ आणि ४ हे दोन लहान पाये सोडले तर चार अंकी स्थिर संख्या फक्त ५ च्या पटीतल्या पायांत असते. पाया ५ मध्ये ती ३०३२ आहे, आपल्या नेहमीच्या लेखनात ३९२. पाया ५ च्या ‘म’ पट असेल तर तिचे अंक ३म, म − १, ४म − १ आणि २म असतात. म = २ घातले की ६, १, ७, ४ हे अंक परत मिळतात. ६१७४ ही अशा प्रकारे एका अनंत मालिकेतली दुसरी संख्या ठरते.

स्थिर संख्या असणे आणि सर्व संख्यांनी तिच्याकडे येणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. पाया १५ मध्ये ९, २, ११, ६ हे अंक असलेली स्थिर संख्या आहे. परंतु त्याच पायात टोकाचा व मधला फरक (७, ३), (९, १), (१३, ३), (११, ९) असा फिरत पुन्हा (७, ३) वर येणारे चक्रही आहे. त्या चक्रात अडकलेली संख्या स्थिर संख्येपर्यंत कधीच पोहोचत नाही. कोणत्या पायांत चार अंकी स्थिर संख्या सर्वांना खेचून घेते हा प्रश्न हेल्मुट हासे आणि प्रिचेट यांनी १९७८ मध्ये सोडवला. हासे हे विसाव्या शतकातील बीजीय अंकशास्त्राचे एक मोठे नाव. त्यांनी हयातीच्या अखेरीस या प्रश्नावर निबंध लिहावा ही गोष्ट पुढच्या चर्चेत अनेकांनी पुढे केली आहे.

तीन अंकांसाठी निकाल अधिक स्वच्छ आहे. पाया सम असेल तर ४९५ सारखी एकच स्थिर संख्या, विषम असेल तर दोन संख्यांचे चक्र.

महत्त्वाविषयीची मते

६१७४ च्या गणिती तथ्यांबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या वजनाबद्दल.

एका मताचा पाया जी. एच. हार्डी यांच्या १९४० मधील ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात सापडतो. ८७१२ ही २१७८ च्या चौपट आणि ९८०१ ही १०८९ च्या नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट्या संख्येच्या पटीत आहेत; अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतात, गणितज्ञाला त्यांत काही सापडत नाही, असे हार्डी यांचे म्हणणे होते. ६१७४ त्या वेळी कोणाला माहीत नव्हती, पण आक्षेप तिलाही तंतोतंत लागू पडतो. ज्या गुणधर्माचा आधार संख्या नसून संख्या लिहिण्याची पद्धत आहे, तो माणसाच्या हाताला दहा बोटे असल्याचा परिणाम आहे, असे हे मत सांगते. π किंवा e यांची किंमत कोणत्याही पायात तीच राहते; ६१७४ चा गुणधर्म पाया बदलताच जातो. गंमत अशी की १७२९ चा रामानुजनांचा किस्सा जगाला ज्यांनी सांगितला ते हार्डीच. मात्र १७२९ दोन घनांची बेरीज दोन रीतींनी असणे हा पायावर न अवलंबणारा गुणधर्म आहे, त्यामुळे यात विसंगती नाही.

दुसरे मत पायावरचे अवलंबन मान्य करते, पण त्यालाच अभ्यासाचा विषय मानते. एका पायातली घटना अपघात असू शकेल. सर्व पाये, सर्व अंकसंख्या एकत्र घेतल्या की जो नियम उरतो तो अपघात नसतो. ५ च्या पटीचा निकाल या मताचा सर्वांत चांगला पुरावा आहे. कापरेकर संख्यांबाबतही असेच घडले : डग्लस इयान्नुची यांनी २००० मध्ये दाखवले की त्या संख्यांची यादी १०ⁿ − १ या संख्येच्या एका विशिष्ट प्रकारच्या विभाजकांशी एकास एक जुळते. करमणूक म्हणून सुरू झालेली गोष्ट विभाज्यतेच्या सिद्धांतात जाऊन बसली.

तिसरे मत संभाव्यतेच्या अंगाने येते आणि त्याची चर्चा कमी होते, तरी ते विचारात घेण्याजोगे आहे. प्रक्रिया शेवटी तीस संचांवर चालते. तीस वस्तूंपैकी प्रत्येकीला ‘पुढची वस्तू’ कोणती हे यदृच्छेने ठरवले, तर सगळ्यांचा शेवट एकाच स्थिर वस्तूत होण्याची शक्यता केली यांच्या वृक्षगणनेच्या सूत्रानुसार बरोबर तिसात एक इतकी येते. ही शक्यता लहान आहे, पण चकित होण्याइतकी लहान नाही. दोन अंकांपासून दहा-बारा अंकांपर्यंत आणि निरनिराळ्या पायांत शोध घेतला तर कोठेतरी असे घडणारच. या हिशेबाची मर्यादाही उघड आहे : वजाबाकी ही यदृच्छ प्रक्रिया नाही, तिच्यात १० आणि ८ च्या जोड्यांची रचना ठासून भरलेली आहे. आश्चर्याचे माप म्हणून हा हिशेब उपयोगी पडतो. स्पष्टीकरण म्हणून तो अपुरा आहे.

शिक्षणाच्या बाजूने मतभेद फारसा नाही. प्राथमिक वर्गात हातच्याच्या वजाबाकीचा भरपूर सराव आणि शेवटी बरोबर-चूक स्वतःच ताडण्याची सोय, असे दोन्ही लाभ ही प्रक्रिया देते. आठवी-नववीत तोच प्रश्न अंकांना अक्षरे देऊन बीजगणितात नेता येतो. ५प = ३० पर्यंतची वाट त्या वयाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहे, आणि वर्गात फक्त ‘जादूची संख्या’ दाखवून थांबणे हा तिचा अर्धाच उपयोग आहे.

अनिर्णित बाबी

चार अंक आणि दशमान पद्धत एवढ्यापुरते काही उरलेले नाही. दशमान पद्धतीतील स्थिर संख्यांची कुळेही ओळखली गेली आहेत. अडचण चक्रांची आहे. अंकांची संख्या दिली असता किती चक्रे असतील, त्यांची लांबी किती असेल आणि कोणत्या संख्या कोणत्या चक्रात जातील, हे प्रत्यक्ष आकडेमोड न करता सांगणारे सर्वसाधारण सूत्र नाही. दोन अंकांपुरते पाहिले तरी निरनिराळ्या पायांतल्या चक्रांची लांबी २ च्या घातांच्या शेषांशी निगडित होते आणि प्रश्न अंकशास्त्राच्या चांगल्याच खोल भागात शिरतो. जपानमध्ये गेल्या दशकात या दिशेने काम झाले आहे.

दुसरी उरलेली बाब पायऱ्यांची. चार अंकांत सात, तीन अंकांत सहा या मर्यादा मोजून मिळाल्या आहेत. अंक वाढत गेले की ही मर्यादा कोणत्या गतीने वाढते याचे सर्व अंकसंख्यांना लागू पडणारे नेमके सूत्र सिद्ध झालेले नाही. तिसरी बाब सिद्धतेच्या स्वरूपाची. पाया १० मध्ये ६१७४ शिवाय चक्र नाही याची तीस ओळींची तपासणी निर्दोष आहे, पण ‘का नाही’ याचे एका समीकरणात मावणारे उत्तर तिच्यात नाही. तसे उत्तर असलेच पाहिजे असा नियम नाही, आणि हा शोध चालू ठेवावा की तपासणीलाच अखेरचा शब्द मानावा, यावर या विषयात काम करणाऱ्यांचे एकमत नाही.

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांसाठी लागणारी सामग्री आजही वजाबाकी, क्रमवारी आणि शेषांचे गणित एवढीच आहे.